२०२४ वायआर४ : तीन टक्क्यांवर चढलेला धोका कसा मोजला, आणि तो टळला नसता तर काय करावं लागलं असतं

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या, लघुग्रह शोधणाऱ्या ॲटलास सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने एक सरकता ठिपका टिपला. त्याची दृश्यप्रत (चमकेचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद) साधारण १६.५ होती, म्हणजे अशा सर्वेक्षणासाठी तो बऱ्यापैकी ठळक होता. पण सापडला तेव्हा तो पृथ्वीपासून दूर चालला होता. दोनच दिवस आधी, २५ डिसेंबरला, तो सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. हे अंतर चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून थोडं जास्त आहे. लघुग्रहांच्या वेधांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने या लघुग्रहाला २०२४ वायआर४ हे नाव दिलं.

तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळू शकतो असं दिसलं आणि पुढच्या दोन महिन्यांत या लघुग्रहाने पृथ्वी-संरक्षणाच्या सगळ्या यंत्रणेची खरीखुरी परीक्षा घेतली. शेवटी पृथ्वीचा धोका उरला नाही, म्हणून हे प्रकरण बातम्यांतून लगेच मागे पडलं. आमच्या मते ते तसं मागे पडायला नको होतं. धोका मोजण्याचं काम उत्तम झालं. पण हाच धोका खरा ठरला असता तर आठ वर्षं हातात असूनही वेळ कमी पडला असता, आणि हे कागदावर आकडे मांडले की लगेच दिसतं.

घटनाक्रम

वायआर४ सूर्याभोवती जवळपास चार वर्षांत एक फेरी मारतो. कक्षा बरीच लांबट आहे. उपसूर्य बिंदू (सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) पृथ्वीच्या कक्षेच्या आत पडतो आणि अपसूर्य बिंदू (सर्वांत दूरची जागा) गुरूच्या कक्षेच्या अलीकडे, सूर्यापासून चार खगोलीय एककांच्या, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या चौपटीच्या, किंचित पलीकडे. चार वर्षांचं हे चक्र या प्रकरणात फार महत्त्वाचं ठरतं. २०२४ नंतर तो पुन्हा आपल्या आसपास येतो तो थेट डिसेंबर २०२८ मध्ये, आणि त्यानंतर डिसेंबर २०३२ मध्ये. संभाव्य टक्करीची तारीख होती २२ डिसेंबर २०३२.

नव्या लघुग्रहाचे वेध मायनर प्लॅनेट सेंटरकडे जमा होतात आणि तिथून ते सगळ्यांसाठी खुले असतात. त्यावरून तीन ठिकाणी स्वतंत्रपणे गणित चालतं. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतली सेंट्री, युरोपीय अंतराळ संस्थेची एजिस आणि इटलीतली निओडिस या त्या तीन यंत्रणा. तिघींची गणिताची पद्धत सारखी नाही, हे मुद्दाम आहे. आकडे जुळले तर चूक होण्याची शक्यता कमी, आणि नाही जुळले तर जाहीर करण्याआधी कारण शोधायचं.

२७ जानेवारी २०२५ च्या सुमारास टक्करीची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली आणि वायआर४ टोरिनो मापनश्रेणीवर तिसऱ्या पायरीवर पोहोचला. या श्रेणीत शून्य म्हणजे नगण्य आणि दहा म्हणजे जागतिक विध्वंस करणारी निश्चित टक्कर. तिसरी पायरी सांगते की शक्यता १ टक्का किंवा जास्त आहे आणि नुकसान झालं तर ते एखाद्या प्रदेशापुरतं असेल. आजवर याहून वर फक्त अपोफिस हा लघुग्रह गेला होता, डिसेंबर २००४ मध्ये, चौथ्या पायरीपर्यंत.

२९ जानेवारीला आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने, म्हणजे आयएडब्ल्यूएनने, अधिकृत सूचना काढली. या जाळ्याच्या इतिहासातली ती पहिली सूचना. नियम सरळ आहे : दहा मीटरहून मोठा लघुग्रह आणि टक्करीची शक्यता १ टक्क्याच्या वर असेल तर सूचना काढायची. संभाव्य टक्करीचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा जात दक्षिण आशियापर्यंत पोहोचत होता. टक्कर झाल्यास स्फोटाच्या लाटेचं नुकसान ५० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकेल, असंही त्या सूचनेत होतं.

नासाचा आकडा १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांपर्यंत चढला. युरोपीय संस्थेचा २.८ पर्यंत. दुसऱ्याच दिवशी नासाचा आकडा १.५ वर आला, २० फेब्रुवारीला ०.२८ वर, आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ वर. टोरिनो श्रेणी पुन्हा शून्य.

शक्यता आधी चढते आणि मग एकदम कोसळते, ती का?

त्या तीन आठवड्यांत सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर झाला. आकडा रोज वाढतोय म्हणजे लघुग्रह आपल्याकडे वळतोय, असं अनेकांना वाटलं. त्याचा मार्ग तर तसूभरही बदलत नव्हता. बदलत होतं ते आपलं ज्ञान.

थोड्या दिवसांच्या वेधांवरून २०३२ मधली जागा एका बिंदूने सांगता येत नाही. मिळते ती शक्य जागांची लांबच लांब, अरुंद पट्टी. तिची रुंदी तुलनेने थोडी असते, पण लांबी लाखो किलोमीटर, कारण कक्षेच्या आवर्तकाळातली बारीकशी चूक आठ वर्षांत मार्गाच्या दिशेने साचत जाते. आता पृथ्वीची रुंदी या पट्टीवर बसवून पाहा. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, पण गुरुत्वाकर्षण जवळून जाणाऱ्या वस्तूला आत ओढतं. वायआर४ चा टक्करीचा वेग सेकंदाला सुमारे १७.३ किलोमीटर धरला तर पृथ्वी जणू ८,४०० किलोमीटर त्रिज्येची होते, म्हणजे साधारण १६,८०० किलोमीटर रुंद.

सोपं गणित करायचं तर पट्टीभर शक्यता सारखी पसरलेली मानू. पट्टी १७ लाख किलोमीटर लांब असेल आणि पृथ्वी तिच्यात असेल, तर शक्यता साधारण १ टक्का. वेध वाढले, पट्टी आखडून साडेपाच लाख किलोमीटर झाली आणि पृथ्वी अजून आतच आहे, तर शक्यता ३ टक्के. पट्टी आणखी आखडत जाते आणि एका क्षणी तिचं टोक पृथ्वीला ओलांडून पलीकडे सरकतं. तिथे आकडा कोसळतो. खऱ्या गणितात पट्टीच्या मधल्या भागाला जास्त वजन असतं आणि टोकांना कमी, त्यामुळे उतार थोडा वेगळा दिसतो. पण चढून मग पडण्याचं कारण हेच. टक्कर होणार नसलेल्या बहुतेक धोकादायक लघुग्रहांच्या बाबतीत हाच आलेख दिसतो. टक्कर होणार असेल तर मात्र आकडा चढतच राहतो, आणि ३ टक्क्यांवर उभं असताना या दोन आलेखांत फरक करता येत नाही.

वेध घेताना काय अडलं

वायआर४ झपाट्याने दूर जात होता आणि रोज मंद होत होता. जानेवारीत मध्यम आकाराच्या दुर्बिणींचं काम संपलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चिलीतल्या युरोपीय व्हीएलटीसारख्या आठ मीटर वर्गातल्या दुर्बिणी लागत होत्या. त्यातच १२ फेब्रुवारीला पौर्णिमा आली. चांदण्याने उजळलेल्या आकाशात मंद ठिपका पार्श्वभूमीत बुडतो, त्यामुळे ते काही दिवस कामाचे वेध मिळणं कठीण झालं. पौर्णिमा सरली, नवे वेध आले आणि १८ ते २० फेब्रुवारीदरम्यान आकड्याने वळण घेतलं.

असा एक वेध कसा घेतला जातो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने न फिरवता लघुग्रहाच्या अंदाजी गतीने फिरवतात. तारे रेघांसारखे ओढले जातात आणि लघुग्रह ठिपका राहतो. तरीही एका छायाचित्रात तो दिसत नसेल तर अनेक छायाचित्रं त्याच्या गतीनुसार सरकवून एकावर एक रचतात. मग गाया या अवकाश दुर्बिणीने बनवलेल्या ताऱ्यांच्या सूचीतल्या, आसपासच्या ताऱ्यांच्या अचूक स्थानांवरून ठिपक्याचं स्थान काढतात. चांगल्या वेधात चूक ०.१ विकलेच्या घरात ठेवता येते (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). लघुग्रह साडेसात कोटी किलोमीटरवर असेल तर ०.१ विकला म्हणजे सुमारे ३६ किलोमीटर.

चुका होतात त्या साध्या ठिकाणी. पहिली जागा घड्याळ. लघुग्रह जवळ असताना मिनिटाला २० विकला सरकत असेल, तर कॅमेऱ्याच्या वेळेत एका सेकंदाचा फरक म्हणजे स्थानात विकलेच्या एक तृतीयांशाची चूक, चांगल्या वेधातल्या चुकीच्या तिप्पट. दुसरी जागा शेजारचा मंद तारा : ठिपका त्याच्यात मिसळला की मध्यबिंदू एका बाजूला ओढला जातो. म्हणून कक्षा काढणारे गणिती प्रत्येक वेधशाळेच्या वेधांना तिच्या आजवरच्या अचूकतेनुसार वजन देतात आणि संशयास्पद वेध बाजूला काढतात. शेवटचे, मंद अवस्थेतले मोजके वेध कक्षा ठरवण्यात सर्वांत जास्त वजनाचे असतात, त्यामुळे तिथली एखादी चूक टक्केवारीत लगेच दिसते.

जुन्या छायाचित्रांत शोध घेण्याचाही प्रयत्न झाला. अपोफिसच्या वेळी मार्च २००४ मधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि २०२९ ची टक्कर एका फटक्यात बाद झाली. वायआर४ च्या नशिबी तसं खात्रीचं जुनं छायाचित्र नव्हतं.

आकार आणि वस्तुमान

सर्वांत अवघड प्रश्न इथे होता. साध्या प्रकाशातून लघुग्रहाची चमक कळते, आकार थेट कळत नाही. काळा मोठा दगड आणि उजळ लहान दगड सारखेच दिसतात. वायआर४ ची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसेल ती चमक) सुमारे २३.९. तो येणाऱ्या प्रकाशातला २५ टक्के भाग परत फेकत असेल तर व्यास निघतो ४४ मीटर. ५ टक्केच फेकत असेल तर ९९ मीटर. म्हणूनच सुरुवातीच्या बातम्यांत ४० ते ९० मीटर असा पसरट आकडा होता.

व्यासात सव्वादोन पटींचा फरक म्हणजे वस्तुमानात अकरा पटींहून जास्त. दगडी लघुग्रहाची घनता पाण्याच्या २.६ पट धरली तर ४४ मीटरच्या लघुग्रहाचं वस्तुमान सुमारे १.१६ लाख टन आणि टक्करीची ऊर्जा सुमारे ४ मेगाटन (४० लाख टन टीएनटीच्या स्फोटाएवढी). ९९ मीटरच्या लघुग्रहाचं १३ लाख टन आणि ४७ मेगाटन. १९०८ मध्ये तुंगुस्का इथे २,००० चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं, तो प्रकार या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी बसतो. एखादा जिल्हा हलवायचा की सगळा प्रदेश, हे या आकड्यावर ठरतं.

उत्तर अवरक्त किरणांत होतं. उन्हात तापलेला दगड जी उष्णता बाहेर टाकतो तिच्यावर त्याच्या रंगाचा परिणाम बराच कमी असतो, म्हणून उष्णतेवरून आकार खूप नेमका निघतो. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने तो वेध घेतला आणि व्यास ठरला ६० मीटर, सात मीटर इकडे-तिकडे. तेव्हा वस्तुमान सुमारे २.९ लाख टन आणि ऊर्जा सुमारे १० मेगाटन. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी चमकेतल्या चढउतारांवरून स्वतःभोवतीच्या फेरीचा काळही काढला, सुमारे साडेएकोणीस मिनिटं. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

चंद्राचा प्रश्न थोडा जास्त रेंगाळला. पृथ्वी वाचली तेव्हा चंद्राशी टक्कर होण्याची शक्यता १.७ टक्के होती. ती एप्रिलमध्ये ३.८ आणि जून २०२५ मध्ये ४.३ टक्क्यांवर गेली. फेब्रुवारी २०२६ मध्ये वेबने पुन्हा घेतलेल्या वेधांवरून तीही बाद झाली : वायआर४ चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे २१,२०० किलोमीटरवरून जाईल.

धोका खरा असता तर : किती ढकलायचं?

समजा २४ फेब्रुवारी २०२५ ला आकडा कोसळला नसता. पट्टी आखडली असती आणि पृथ्वी आतच राहिली असती. मग काय?

लघुग्रह वळवणं म्हणजे त्याला बाजूला फेकणं नव्हे. त्याचा वेग मार्गाच्या दिशेने अगदी किंचित कमी किंवा जास्त करायचा, म्हणजे तो ठरल्या जागी थोडा उशिरा किंवा लवकर पोहोचतो. पृथ्वी स्वतःच्या व्यासाएवढं अंतर साधारण सात मिनिटांत कापते, त्यामुळे काही मिनिटांचा फरक पुरतो. ढोबळ नियम असा : मार्गातला फरक हा वेगातला बदल गुणिले वेळ याच्या तिप्पट. लांबट कक्षेत धडक उपसूर्य बिंदूजवळ दिली तर फायदा याहून जास्त, दूर दिली तर कमी. पण अंदाजाला हा नियम चालतो.

लघुग्रह अगदी मध्यावर येणार असेल तर त्याला ८,४०० किलोमीटर सरकवायला हवं. आठ वर्षं आधी धडक दिली तर वेगात सेकंदाला १.१ सेंटीमीटरचा बदल लागतो, चार वर्षं आधी २.२ सेंटीमीटर. शेवटच्या वर्षात तिपटीचा फायदाही उरत नाही आणि गरज २५ सेंटीमीटरच्या पुढे जाते.

आता हातातलं साधन पाहू. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस या सुमारे १५०-१६० मीटरच्या लघुग्रहावर आदळवलं. यानाचं वस्तुमान तेव्हा ५८० किलोच्या आसपास होतं आणि वेग सेकंदाला ६.१४ किलोमीटर. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची डिमॉर्फोसची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून जवळपास ३३ मिनिटांनी कमी झाली आणि त्याच्या वेगात सेकंदाला साधारण २.७ मिलिमीटरचा बदल झाला. यानाच्या नुसत्या धक्क्याने एवढं होत नाही. आघाताने उडालेला धुरळा आणि दगड मागे फेकले गेले आणि त्यांच्या प्रतिक्रियेने धक्का सुमारे ३.६ पट झाला.

तेच यान, तोच वेग, तीच ३.६ पट वाढ वायआर४ वर लावून पाहा. व्यास ६० मीटर असेल तर वेगात बदल सेकंदाला ४.४ सेंटीमीटर, चार वर्षांच्या गरजेच्या दुप्पट. ९९ मीटर असेल तर एक सेंटीमीटरही नाही, म्हणजे निम्म्याहून कमी. ४४ मीटर असेल तर ११ सेंटीमीटर, आणि इथे नवाच प्रश्न उभा राहतो. एवढ्या लहान दगडाच्या पृष्ठभागावरून सुटण्याचा वेग असतो सेकंदाला २.७ सेंटीमीटरच्या आसपास. वेगातला बदल या सुटण्याच्या वेगाच्या दहाव्या भागाच्या वर गेला की लघुग्रह फुटण्याचा धोका धरायचा, असा सावधगिरीचा दंडक आहे. ११ सेंटीमीटर म्हणजे त्या वेगाच्या चौपट. ६० मीटरच्या बाबतीतही, जिथे सुटण्याचा वेग ३.६ सेंटीमीटर आहे, हा दंडक सरळसरळ मोडतो.

म्हणजे एकच यान, आणि आकार माहीत नसेल तर निकाल तीन : पुरेसा धक्का, अपुरा धक्का, किंवा तुकडे. अपुरा धक्का सर्वांत वाईट. टक्करीची जागा पट्ट्यावरून सरकते, पण पृथ्वीवरच राहते. ज्या देशावर मूळ धोका नव्हता त्याच्यावर तो माणसांच्या निर्णयामुळे जातो. आंतरराष्ट्रीय कायद्यात या प्रसंगासाठी पक्की तरतूद नाही.

आता ती साडेएकोणीस मिनिटांची फेरी. ६० मीटरचा गोळा एवढ्या वेगाने फिरत असेल तर विषुववृत्तावरचा पृष्ठभाग सेकंदाला १६ सेंटीमीटरने पळतो, सुटण्याच्या वेगाच्या चौपटीहून जास्त. सैल दगडांचा ढीग असता तर तो केव्हाच विखुरला असता. केवळ गुरुत्वाने एकत्र राहिलेले ढिगारे साधारण २.२ तासांहून जलद फिरू शकत नाहीत. म्हणजे वायआर४ एकसंध खडक असावा किंवा त्याचे तुकडे एकमेकांना चिकटून असावेत. त्याचा परिणाम दोन्हीकडे होतो : तो फुटण्याला जास्त विरोध करेल, पण धुरळा कमी उडाला तर ३.६ पटींची वाढही मिळणार नाही. डार्टचा आकडा जसाच्या तसा इथे लावणं म्हणूनच धोक्याचं. सैल डिमॉर्फोसवर मिळालेला अनुभव घट्ट वायआर४ ला लागू होईलच असं नाही.

नेम

डार्टच्या शेवटच्या चार तासांत यान स्वतःच दिशा ठरवत होतं. डिमॉर्फोस वेगळा ओळखू आला तो आघाताच्या साधारण तासभर आधी. वायआर४ सारखं लक्ष्य व्यासाने अडीच पटींहून लहान आहे, त्यामुळे तेवढंच ठळक दिसायला यान तितकं जवळ पोहोचावं लागतं. जवळ येण्याचा वेग दुप्पट असेल तर तासाभराची दहा-बारा मिनिटं उरतात. तेवढ्यात कॅमेऱ्याने ठिपका ओळखायचा, संगणकाने चूक मोजायची आणि इंजिनांनी दिशा सुधारायची. शिवाय डार्टला सोबतीला ७८० मीटरचा डिडिमॉस होता. दुरून नेम धरायला तो मोठा आधार होता. एकट्या लघुग्रहाबाबत तो नसतो. मोठी दुर्बीण आणि संवेदनशील कॅमेरा घेऊन यान आधीपासूनच जड करावं लागतं, किंवा आधी एक टेहळणी यान पाठवून कक्षा काही किलोमीटरपर्यंत पक्की करावी लागते.

खरी अडचण दिनदर्शिकेत होती

वायआर४ २०२५ च्या वसंतात जमिनीवरच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर गेला. पुढची संधी १७ डिसेंबर २०२८ च्या सुमारास, तो सुमारे ८० लाख किलोमीटरवरून जाईल तेव्हा. २०२५ मध्ये आकडा, समजा, १० टक्क्यांवर अडकून राहिला असता, तर साडेतीन वर्षं त्याच्यात फारशी सुधारणा झाली नसती. डिसेंबर २०२८ मध्ये नक्की कळलं असतं, आणि तेव्हा हातात चार वर्षं उरली असती.

डार्टला २०१७ मध्ये प्राथमिक आराखड्याची मंजुरी मिळाली, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये उडालं आणि दहा महिन्यांनी पोहोचलं. मंजुरीपासून आघातापर्यंत पाच वर्षांहून जास्त. त्याच वेगाने २०२८ च्या शेवटी काम सुरू केलं तर यान २०३४ च्या सुरुवातीला पोहोचेल, टक्कर होऊन वर्ष उलटल्यावर. घाईने हे अर्ध्यावर आणलं तरी आघात २०३१ च्या मध्यात, दीड वर्ष आधी. तोवर लागणारा धक्का एवढा मोठा होतो की ढकलण्याचा विषय संपतो आणि जाणूनबुजून फोडण्याचा सुरू होतो : एकामागून एक अनेक जड याने आदळवायची, किंवा अणुस्फोट. अणुस्फोटाच्या वाटेत १९६३ चा अंशतः अणुचाचणी बंदी करार आणि १९६७ चा अवकाश करार उभे आहेत. अशा वेळी सर्व देशांची संमती आधी मिळवावी लागेल, आणि ती मिळवायला लागणारा काळही याच दिनदर्शिकेतून वजा होतो.

म्हणून २०२८ ची वाट पाहणं हा तटस्थ निर्णय नव्हता. त्यात वळवण्याचा पर्याय गमावला जात होता. अशा प्रसंगी कामाचा क्रम, आमच्या मते, असा हवा होता. पहिल्या सहा महिन्यांत टेहळणी यानाची मंजुरी. २०२८ मध्ये ते उडावं आणि लघुग्रहाजवळून जाऊन आकार, शक्य तितकं वस्तुमान आणि नेमकी कक्षा मोजावी. त्याच वेळी आघात यानाचं बांधकाम सुरू करायचं, टक्कर निश्चित होण्याआधी, ते वाया जाण्याची तयारी ठेवून. डार्टचा एकूण खर्च सुमारे ३३ कोटी डॉलर होता. शहरावरच्या दहा मेगाटनच्या स्फोटापुढे ही रक्कम वाया गेली तरी परवडते. आघात यानं किमान दोन हवीत, कारण प्रक्षेपणच फसू शकतं. आणि वस्तुमान कळेपर्यंत आघाताची जागा व वेग बदलता येईल, अशी इंधनाची मोकळीक. या सगळ्याच्या जोडीला पट्ट्यातल्या देशांनी स्थलांतराचे आराखडे करायचे. ६० मीटरच्या लघुग्रहासाठी शेवटचा भरवशाचा उपाय तोच आहे, कारण टक्करीची वेळ आणि जागा आधीच नेमकी सांगता येते.

प्रत्यक्षात अंतराळ मोहीम नियोजन सल्लागार गट, एसएमपीएजी, फेब्रुवारी २०२५ मध्ये या विषयावर बसला आणि वेध येत राहू द्यावेत, शिफारशीची घाई नको, असं ठरलं. त्या आठवड्यात ते बरोबरच होतं. पण या गटाला शिफारस करण्याचाच अधिकार आहे. यान बांधायला सांगण्याचा नाही, पैसे देण्याचा तर नाहीच. ५० मीटरहून मोठा लघुग्रह, १ टक्क्याच्या वर शक्यता आणि पुढच्या ५० वर्षांतली तारीख, एवढं झालं की गट चर्चेला बसतो. चर्चेनंतर कोणत्या टक्क्याला कोणी काय सुरू करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नाही. वायआर४ ने उघड केलेली पहिली उणीव ही.

उजेडाच्या बाजूने

दुसरी उणीव शोधण्यातली. वायआर४ सूर्याच्या दिशेकडून आला, म्हणून पृथ्वीला ओलांडून रात्रीच्या आकाशात शिरेपर्यंत तो कोणाला दिसला नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे १८-२० मीटरचा लघुग्रहही याच बाजूने आला होता. पूर्वसूचना शून्य आणि सुमारे दीड हजार लोक जखमी, बहुतेक फुटलेल्या काचांनी. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी दिवसा तिचा उपयोग नाही.

उपाय ठाऊक आहे : अवकाशात, सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये, १५ लाख किलोमीटरवरच्या स्थिर बिंदूजवळ अवरक्त दुर्बीण. तिथून सूर्याच्या बरंच जवळचं आकाश पाहता येतं आणि उष्णतेवरून आकारही लगेच मिळतो, म्हणजे वायआर४ च्या बाबतीत जे वेबकडून अडीच महिन्यांनी समजलं ते पहिल्या आठवड्यातच. नासाच्या निओ सर्वेयरचं प्रक्षेपण २०२७ साठी नियोजित आहे, आरशाचा व्यास ५० सेंटीमीटर. युरोपीय निओमीर त्यानंतर, २०३० च्या दशकात. निओमीर असती तर वायआर४ महिनाभर आधी दिसला असता, असं युरोपीय संस्थेचं गणित आहे. त्या महिन्यात तो जवळ येत होता, म्हणजे दर दिवसाला उजळत होता. पौर्णिमा सरण्याची वाट पाहायची वेळ आली नसती.

२०३२ साठी या दोन दुर्बिणींचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो पुढच्या अशा लघुग्रहाचा, जो एकदा दिवसाच्या बाजूने येऊन जातो, चार वर्षं गायब होतो आणि परत येतो तेव्हा टक्कर व्हायची असते. निओ सर्वेयरच्या कामाचं मुख्य उद्दिष्ट १४० मीटरहून मोठे लघुग्रह शोधणं हे आहे. त्याच्या निम्मे किंवा त्याहून लहान, ५० ते ७० मीटरच्या वर्गातले, त्या मोहिमेत सापडतील ते अनुषंगाने. या वर्गासाठी स्वतंत्र उद्दिष्ट आणि स्वतंत्र निधी ठरवायला हवा, आणि १ टक्क्याच्या सूचनेसोबतच टेहळणी यानाचं काम आपोआप सुरू होईल असा करार एसएमपीएजी गटातल्या अंतराळ संस्थांनी आधीच करून ठेवायला हवा.